रंधा मारलेले पाट

प्रिय भाई,

सगळा मये गाव तुम्हाला भाई म्हणायचा, म्हणून मीही कधी बाबा म्हटलं नाही. पत्रही कधी लिहिलं नाही. तुम्ही चित्रशाळेत गणपती घडवत, मी ओसरीवर, मध्ये एक दार. त्याला पत्र कशाला लागतं? पण आज सकाळी चोपड्याहून आवडीकाकी आली. तिच्यापाशी मी जे बोलले, ते खरं म्हणजे आधी तुमच्यापाशी बोलायचं होतं. तुम्हाला जाऊन नऊ महिने झाले. नेहमीसारखी मी उशिरा आले.

काकी दोन बस बदलून आली. चोपड्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोलीची गाडी, आणि फाट्यावरून घरापर्यंत चालत. गुडघे धरलेले आणि काखेत जुन्या धोतरात बांधलेला गणपतीचा पाट. तिच्या सासऱ्यांचे वडील आपल्या वाड्यावरून चोपड्याला शेतीवर राहायला गेले, त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. तरी त्यांच्या घरचा गणपती त्यांच्याच पाटावर आपल्या चित्रशाळेत घडून जात आला. वैद्य बदलतात, भट बदलतात, पण ज्या घरी पाट द्यायचा ते घर बदलत नाहीत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

तिनं पाट मेजावर ठेवला, त्यावर नारळ आणि विडा ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सदचो तसोच गो बाय. भाई करी तसो."

नेहमीचा तसाच, एवढंच. नव्वदेक घरांतून वर्षानुवर्षं तुम्हाला एवढंच सांगितलं जायचं आणि तुम्ही मान हलवायचा. आज मीही मान हलवली. काकीला बसवलं, चहा टाकते म्हटलं आणि जाताना पाट उचलून आत नेला. स्वयंपाकघरात तो उलटा केला. खाली काय असणार? चकचकीत वार्निश आणि स्क्रूनं बसवलेली पत्र्याची चकती. त्यावर लिहिलेलं, म-४७. ती चकती मीच बसवून घेतली होती, भाई.

लहानपणी मला वाटायचं की तुम्ही वाळवी बघता. पाट आला की तुम्ही तो उलटा करायचा, खालच्या बाजूवरून अंगठा फिरवायचा, एकदा हुं म्हणायचा आणि भिंतीला टेकवून ठेवायचा. मी विचारलंही होतं, "वाळवी लागल्या काय भाई?" तुम्ही म्हणालात, "ना गो. घर बरें आसा." मला वाटलं लाकडाबद्दल बोलताय.

तुमच्या हाताखाली माती कशी वर चढायची ते मी तासन् तास बघत बसे. फूटपट्टी नाही, दोरी नाही. एका पाटावरचा गणपती दोन वितींवर थांबायचा, शेजारच्या पाटावरचा चार बोटं आणखी वर जायचा. कोणाच्या हातात मोदक, कोणाच्या हातात लाडू, कोणाचा उंदीर डावीकडे. मी विचारायचे, हा असा का? तुम्ही म्हणायचात, "तांच्या घरचो तसो." मला ते उत्तर वाटायचंच नाही. शाळेत गणिताला जसं उत्तर असतं तसं मला हवं होतं.

मग मी शिकले. खूप शिकले. एमबीए करणारी आपल्या वाड्यावरची पहिली मुलगी म्हणून आईनं पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी प्रकल्पाला विषय हवा होता, तर घरच्या घरी तुम्ही सापडलात. 'पारंपरिक मूर्तिकला व्यवसायाचे व्यवस्थापन.' तुम्ही माती मळत होतात आणि मी वही घेऊन समोर बसले होते, आठवतं? पंधरा दिवसांनी तुम्ही विचारलंत, "मगे? माज्या धंद्यांत चुकीचें कितें मेळ्ळें?"

मी म्हणाले, "नोंदच नाही, भाई. कोणाची मूर्ती किती उंच, कशी, कुठे लिहिलेलंच नाही. सगळं तुमच्या डोक्यात. उद्या तुम्ही आजारी पडलात तर धंदा बंद."

तुम्ही हसलात. "डोक्यांत ना गो," म्हणालात. तेवढ्यात बाहेर कोणीतरी हाक मारली, तुम्ही हात पुसत उठलात आणि वाक्य तिथंच राहिलं. डोक्यात नाही, मग कुठे? हे विचारायला मला एक मिनिट लागलं असतं. मी नाही विचारलं. मी वहीत लिहिलं, 'नोंदींचा पूर्ण अभाव', आणि त्याला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले.

नोकरीसाठी अर्ज करताना मी तो अर्ज तुम्हाला वाचून दाखवला होता. वरच 'करिअरचे उद्दिष्ट' असा रकाना असतो. त्यात मी लिहिलं होतं की एका गतिशील संस्थेत माझ्या कौशल्यांचा पुरेपूर उपयोग करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे. तुम्ही दोनदा वाचायला लावलंत. मग म्हणालात, "बरें आसा. पण ह्यांत तुजें कितें आसा?" मला राग आला. खरं तर ते वाक्य मैत्रिणीच्या अर्जातून उचललेलं होतं आणि तिनं आणखी कोणाच्या तरी. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मुलाखतीत विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मी फडाफडा उत्तर दिलं. घरी येऊन तोच प्रश्न तुम्हाला विचारला, थट्टेनं. तुम्ही बाहेर आभाळाकडे बघितलंत. "पांच वर्सांनी खंय आसतलों तें माका कितें खबर? औंदाची माती सुकूंक ना, तें खबर आसा." आई हसली, मीही हसले, आणि मनात म्हटलं, म्हणूनच तुम्ही इथंच राहिलात. तेव्हा नाही बोलले. आता लिहिते, म्हणजे मनात काही राहायला नको.

पेडण्याच्या बाजूला औद्योगिक वसाहतीत बारा वर्षं काढली मी. औषधांच्या गोळ्या पट्टीत भरायच्या विभागात नियोजन बघायचे. तिथं एकच धर्म होता, सगळं एकसारखं. हजारावी गोळी पहिलीसारखीच दिसली पाहिजे. ते मला आवडायचं, भाई, खोटं कशाला सांगू? एकसारखेपणात एक शांतता असते. कोणाला काही विचारावं लागत नाही.

मग ते सोडून मी चित्रशाळेत आले. लोकांना वाटलं बापाच्या मायेनं आली. माया होतीच. पण मला तुमचा धंदा वाढवून दाखवायचा होता, हेही खरं. भिंतीवर मी तक्ता लावला. पहिल्या वर्षी काय, दुसऱ्या वर्षी काय, तिसऱ्या वर्षी परदेशातल्या गोवेकरांना मूर्ती. तुम्ही तो तक्ता चष्मा लावून वाचलात आणि त्याच्याच खिळ्याला तुमचा रंगाचा फडका अडकवलात. मी फडका काढून दुसरीकडे टांगला. असं आपलं आठवडाभर चाललं. आपण दोघं तेव्हा किती खूश होतो.

आता जे लिहायचंय ते लिहिते. इतका वेळ ताकाला जाऊन भांडं लपवत होते.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात मी सगळ्या घरांना निरोप पाठवला की पाट लवकर आणून द्या. एरवी नागपंचमीपर्यंत एकेक करत यायचे, कोणाचा उशिरा, कोणाचा शेजाऱ्याबरोबर. तुमच्या मेघनाला ते चालणार नव्हतं. सगळे पाट एकदम हवे होते. लोकांनी ऐकलं, भाईंची शिकलेली मुलगी सांगते म्हणून. नव्वद पाट भिंतीला लागले. त्याच आठवड्यात तुम्ही मोतीबिंदूसाठी म्हापशाला आत्याकडे गेलात.

मी त्या पाटांचे फोटो काढायला गेले, मोबाईलवर चित्रशाळेचं पान करायचं होतं त्यासाठी. काय ते पाट! कोणाचा कोपरा तुटलेला, कोणावर शेंदूर आणि तेलाचे थर, खाली सगळीकडे चरे, खाचा, खड्डे. मला वाटलं, पिढ्यानपिढ्या घासून, आपटून झालेलं असणार. गाडी लावून सगळे पाट मेस्ताकडे, सुताराकडे, नेले. त्यानं वरून खालून रंधा मारला, वार्निश लावलं, चकत्या ठोकल्या. म-१ ते म-९०. म म्हणजे मये. मेस्तानं एकदा विचारलं होतं, भाईंक खबर आसा मूं? मी म्हटलं, त्यांना खूश करायचंय.

तुम्ही काळा चष्मा लावून परत आलात. मी हात धरून चित्रशाळेत नेलं. भिंतीला नव्वद पाट, सगळे एका रंगाचे, एका चकाकीचे. तुम्ही पहिला उचललात, उलटा केलात, अंगठा फिरवलात. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याला हात लावला नाहीत.

"बरें जालें," तुम्ही म्हणालात. "चकचकीत जाले."

मी त्याला शाबासकी समजले. फोटो काढला तुमचा, काळ्या चष्म्यात, मागे पाटांची रांग. तो फोटो कित्येकांनी उचलून धरला.

त्या वर्षी तुम्ही एरवीपेक्षा लवकर कामाला बसलात. माती हातात घेऊन नुसते बसून राहायचात, डोळे मिटून. मला वाटायचं ऑपरेशननंतर डोळ्यांना विश्रांती देताय. कोणी दारावरून गेलं की तुम्ही हाक मारायचात आणि इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारायचात, "औंदा गणपती कितलो वयर जाय?" लोक चमकायचे. भाई उंची विचारतात? ज्यांनी आयुष्यात कधी विचारलं नाही ते? एकजण हसत मला म्हणाला, भाईंचं वय झालं आता. मीही हसून मान डोलावली.

आणि मी काय केलं? वहीत लिहिलं, 'मुख्य कारागिराची स्मृती मंदावत आहे. उत्तराधिकाराची योजना तातडीने हवी.' साचे मागवले. खानापूरच्या बाजूचे दोन कामगार ठेवले. छोटा, मध्यम, मोठा, असे तीन आकार ठरवले. तुमच्या समोर बसून, समजावणीच्या सुरात, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "भाई, तुम्ही आता विसरता. ह्यात लाज कसली?"

तुम्ही म्हणालात, "विसरतां जाल्यार विसरतां."

दुसऱ्या वर्षीची साळच्या गुरुजींच्या घरची गोष्ट तुम्हाला सांगायला नको, तरी मला लिहायची आहे. त्यांच्याकडे डाव्या सोंडेचा गणपती. त्या वर्षी गेला उजव्या सोंडेचा. चवथीच्या आदल्या दिवशी नेताना गडबडीत कोणी बघितलं नाही. मखरात बसल्यावर गुरुजींच्या बाईंच्या लक्षात आलं. उजव्या सोंडेचं सोवळं त्या घराला कुठलं झेपायला? भटांना बोलावणं, कोणी काही शिवायचं नाही, माहेरवाशिणींनी लांब बसायचं. पाच दिवसांचा सण त्यांनी जीव मुठीत धरून काढला. पुढच्याच महिन्यात बाई पडल्या आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. त्या घरानं दोष त्या सोंडेलाच दिला.

मी म्हटलं, फोन करू. तुम्ही म्हणालात, "फोनाचेर जायना." स्कूटरवर मागे बसून तुम्ही साळला आलात. त्यांच्या घरापुढच्या बलकांवात गुरुजी कदेलाच्या पाठीला टेकून बसले होते, तुम्हाला बसा म्हणाले नाहीत. तुम्ही उभ्यानंच हात जोडलेत. "गुरुजी, दोळ्यांनी दगो दिलो. म्हातारपण."

गुरुजी म्हणाले, "भाई, दिसत नसेल तर माणसानं थांबावं. देवाशी खेळ नको."

तुमच्या बाजूला, हाताच्या अंतरावर मी उभी होते. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच तपासून सांगितलं होतं, नजर उत्तम आहे. निदान एवढं तरी मी बोलायला हवं होतं. मला वाटलं, डोळ्यांवर भागतंय तर भागू दे, चित्रशाळेचं नाव तरी राहील. बघा माझं व्यवस्थापन! तुम्हाला आंधळं ठरवून मी दुकानाची अब्रू वाचवत होते.

येताना तुम्ही डिचोलीला स्कूटर थांबवायला लावलीत. स्टँडाजवळ भाजी आणि उंडो पाव खाल्लात. मिरची कमी आहे म्हणालात. मला आग्रह केलात. मी खाल्लं नाही, तर माझ्या बशीतलाही तुम्हीच संपवलात. घरी येऊन हातपाय धुतलेत आणि रंग कालवायला बसलात.

त्यानंतर पाट कमी होत गेले. कोणी म्हणे मुलगा म्हापशाहून तयार मूर्ती आणतो, कोणी म्हणे यंदा जवळच केलं. कोणी काही म्हणेना, नुसतं आलं नाही. गेल्या वर्षी तीसच आले. मी तक्ता बदलला, जाहिरात वाढवली, मूर्ती घरपोच ठेवली. ज्या घरांनी पाट स्वतःच्या डोक्यावर आणले होते, त्यांना मी घरपोचाचं आमिष दाखवत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. कार्तिकात, तुळशीचं लग्न झाल्यावर, एका सकाळी तुम्ही उठला नाहीत. लोक आले, रडले, आणि जाताना एकमेकांत बोलले की बिचाऱ्याची शेवटी नजर आणि डोकं दोन्ही गेलं होतं. मी ते ऐकलं आणि पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत गेले.

मला काहीच ठाऊक नव्हतं, असं मी आज म्हणू शकले असते. गेल्या महिन्यापर्यंत खरंच नव्हतं. माळा साफ करताना आपल्या घरचा पाट सापडला. तो कापडात गुंडाळून वर ठेवलेला असतो, म्हणून मेस्ताकडे जायचा राहिला होता. धूळ पुसायला उलटा केला, तर खाली त्याच खाचा. पण या वेळी माझ्या लक्षात आलं की त्या रांगेत आहेत. दोन लांब रेघा, तीन आखूड, एक तिरकी, कोपऱ्यात एक गोल खळगा. आपटून असं होत नाही.

आई खिडकीपाशी फणसाचे गरे काढत होती. मी पाट तिच्यापुढे धरला. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"लांब त्यो विती," ती म्हणाली. "आखूड तीं बोटां. तिरकी सोंडेची, दावी काय उजवी तें. खळगो हातांतल्या लाडवाचो."

मी विचारलं, "सगळ्या पाटांना होत्या?"

"सगळ्यांक. थोड्यो तुज्या आज्यान कोरिल्ल्यो."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

आता तिनं वर पाहिलं. "तांणीं सांगूं नाका म्हणलें. चेडवाक वायट दिसतलें म्हणलें."

मुलीला वाईट वाटेल. भाई, हे तुम्ही बरोबर नाही केलंत. तुमच्यावर रागवायचा मला काहीएक हक्क नाही आणि तरी मी रागावले आहे. पहिल्याच दिवशी दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्या तर! नव्वदातली कितीतरी घरं तुम्हाला तेव्हा ताजी आठवत असणार. मी वही घेऊन बसले असते, तुम्ही सांगितलं असतं, मी लिहून घेतलं असतं. नोंद करायला तर मी शिकले होते ना? एवढं एकच काम मला नीट येत होतं. तेच तुम्ही मला करू दिलं नाहीत, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि तीन वर्षं मी तुम्हाला विसराळू म्हणत राहिले, ते तुम्ही ऐकून घेतलंत. असा कसा जीव लावायचा असतो माणसाला?

महिनाभर हे कोणाला सांगितलं नाही. आईशीही पुन्हा तो विषय काढला नाही. यंदा पाट येऊन येऊन तीन आले. दोन शेजारचे, भिडेखातर. तिसरा काकीचा.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा काकी तुमच्या रिकाम्या बैठकीकडे बघत होती. मी तिला विचारलं, "काकी, तुमचा गणपती केवढा असायचा? आठवतं?"

तिनं हात छातीपाशी नेला, मग खाली आणला, मग तसाच धरून राहिली. "आदीं हांव उबी रावन आरती करताली. आतां कदेलार बसतां. कितलो म्हणून सांगूं?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमकां खबर आसता मूं?"

मोबाईलमध्ये फोटो होते. दोनच. दोन्हीत नातवंडं पुढे, मागे हार, फुलं, वर टांगलेल्या माटोळीची फळं, आणि मधून देवाचा एक डोळा. अंदाजे मूर्ती करता आली असती. तीन वर्षं अंदाजावरच तर चाललं होतं. मध्यम साच्यातली एक काढली असती, रंग नीट दिला असता, तर काकीला कळलंही नसतं कदाचित. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, होय काकी, सदचो तसोच. पण ती दोन बस बदलून आली होती.

मी सगळं सांगितलं. रंधा, चकती, खाचा, साळचे गुरुजी, तुम्ही डोळ्यांवर घेतलेला आळ. सांगताना रडले नाही. ऑफिसात बिघाडाचा अहवाल द्यायचे तसं क्रमानं सांगितलं. दुसरी कुठली भाषा मला येत नाही.

काकीनं चहा संपवला. कप बाजूला ठेवला. मग विचारलं, "आनी तो कांयच बोललो ना?"

"नाही."

"आनी आमी भाईक नांवां दवरलीं," ती म्हणाली. "म्हातारो विसरता म्हणलें. आमच्या घरांत बसून म्हणलें."

मग तिनं पाट मागितला. मी आणून दिला. तिनं तो उलटा करून त्यावरून हात फिरवला, चकतीवरून बोट गेलं तिथं थांबली, आणि पुन्हा धोतरात बांधायला लागली.

मी म्हटलं, "काकी, रागावलात?"

"राग ना गो बाय. राग कोणाचेर करूं?" गाठ मारता मारता ती म्हणाली. "पण ह्या पाटार आतां कोणाचोय गणपती बसतलो. आमचो कसो म्हणूं?" तिचा मुलगा केव्हापासून सांगतोय म्हणे, म्हापशाच्या बाजारातून आणू, कशाला तंगडतोड करतेस. आता तसंच करीन म्हणाली. नारळ आणि विडा तिनं परत घेतला नाही. मी फाट्यापर्यंत पाट घेऊन गेले. बसमध्ये चढल्यावर तिनं तो मांडीवर आडवा घेतला आणि वळून पाहिलं नाही.

तिथून आल्यावर शेजारच्या दोन घरांतही गेले. त्यांचे पाट परत केले, कारण सांगितलं. पहिल्या घरी म्हणाले, असूं दे, चलता. दुसऱ्या घरी पाट घेतला आणि आत गेले. चित्रशाळा यंदा उघडत नाही, भाई. खानापूरच्या कामगारांना कळवलंय. साचे कोणाला हवे असतील तर देऊन टाकीन. माझा हात साच्याचा. तुमची बोटं माझ्यात उतरली नाहीत, आणि ज्या खुणांवरून शिकता आलं असतं त्या मेस्ताच्या रंध्याखाली भुसा होऊन गेल्या. तुमचा धंदा तुमच्याबरोबर गेला असता तर मी देवाची मर्जी म्हटलं असतं. तो तुमच्या डोळ्यांदेखत मी घालवला.

मोपाला विमानतळावर सामानाच्या विभागात एक जागा आहे, तिथं अर्ज केलाय. त्यातही तो रकाना होता, करिअरचे उद्दिष्ट. मी बराच वेळ पेन धरून बसले. तुम्ही विचारलं होतं, ह्यात तुझं काय आहे? चाळिसाव्या वर्षी माझं असं काय उरलंय? शेवटी 'नोकरी मिळणे' असं लिहिलं. बोलावतील बहुतेक. नेहमीच बोलावतात.

तुम्हाला वचन द्यायचं म्हटलं तर फारसं काही हातात नाही. चित्रशाळा पुन्हा चालू करीन, हे वचन देत नाही. ते खोटं ठरेल. खुणा पुन्हा कोरीन, तेही नाही. कोणाच्या सांगण्यावरून कोरू? पण नव्वद घरांचे पत्ते माझ्याकडे आहेत. ती एक नोंद मी चोख ठेवली आहे. चवथीच्या आत मी एकेका घरी जाईन, साळच्या गुरुजींपासून सुरुवात करून. फोनवर नाही. दारात उभी राहून सांगेन की तुमच्या पाटाला रंधा मी मारायला लावला, भाईंची नजर शेवटपर्यंत चांगली होती आणि भाई काहीही विसरले नव्हते. कोणी बसा म्हणेल, कोणी म्हणणार नाही. कोणीतरी विचारेलच, मग त्या दिवशी बाजूला उभी होतीस तेव्हा का नाही बोललीस? दुकानाची अब्रू वाचवायची होती म्हणून, भाई. हेही मी तोंडानं सांगेन, आणि मगच पुढच्या घरी जाईन.

तुमची मुलगी,
मेघना